संरक्षित बाजारपेठ आणि मोटारींच्या गुणवत्तेचा ऱ्हास

प्रस्तावना :
भारतीय मोटार उद्योगाचा पाया घालण्यात हिंदुस्थान मोटर्स (१९४२) आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. तथापि, या प्रस्थापित कंपन्यांच्या मोटारींचा दर्जा व ग्राहकसेवा कालांतराने का मागे पडली, याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

परवाना पद्धती व ग्राहक :
१९५१ च्या औद्योगिक (विकास व नियमन) अधिनियमान्वये उत्पादनक्षमता वाढविण्यास शासकीय परवाना आवश्यक होता. आयातीवर निर्बंध होते आणि काही काळ किमतीही शासनाने नियंत्रित केल्या. त्यामुळे ऱ्हासाचा दोष केवळ व्यवस्थापनाचा नव्हता. पुरवठा अपुरा असल्याने ग्राहकास नोंदणी करून वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. असंतुष्ट ग्राहकाच्या जागी दुसरा रांगेत उभाच असल्याने तक्रारीमुळे विक्री घटत नसे व दोष सुधारण्याची निकडही भासत नसे. अ‍ॅम्बॅसडर व पद्मिनी यांची मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही. साध्या रचनेमुळे कोणताही मिस्त्री या गाड्या दुरुस्त करू शके. परंतु या सोयीमुळेच विक्रीपश्चात सेवेतील उणीव झाकली गेली.

स्पर्धेचा आघात :
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि ग्राहकास प्रथमच खरा पर्याय मिळाला. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सान इंजिन असलेली ११८ एनई आणली, परंतु गमावलेले स्थान परत मिळाले नाही. १९९३ मध्ये हा उद्योग परवानामुक्त झाला. २००० च्या सुमारास कुर्ला येथील पद्मिनीचे, तर २०१४ मध्ये उत्तरपारा येथील अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन थांबले. या ऱ्हासाची किंमत अखेरीस कामगारांनाही रोजगार गमावून मोजावी लागली.

स्पर्धेची मर्यादा :
केवळ स्पर्धा मात्र पुरेशी नाही. अमेरिकेच्या खुल्या बाजारपेठेतही जनरल मोटर्सने इग्निशन स्विचमधील दोष अंतर्गत पातळीवर अनेक वर्षे ठाऊक असूनही २०१४ मध्येच गाड्या परत मागविल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. गाडीच्या आतील दोष ग्राहकास दिसत नाही. म्हणून तेथे कायद्याचे संरक्षण आवश्यक ठरते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने उत्पादकाचे दायित्व निश्चित केले, तर त्याच वर्षीच्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनास दिला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, गुणवत्ता ही कंपनीच्या वयावर वा नावलौकिकावर अवलंबून नसते. ग्राहकास पर्याय आणि तक्रारीस कायद्याचे बळ असेल, तेथेच ती टिकते.