अक्वायनसचा देव : ऐकलेला आणि लिहिलेला

सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात जो देव रंगवला, तो पांढऱ्या दाढीचा, पिळदार दंडांचा म्हातारा आहे. ख्रिस्ती देव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो. आस्तिकांच्या आणि नास्तिकांच्याही. गंमत अशी, की हे चित्र एका पोपनेच काढून घेतलं आणि त्याच चर्चचे विचारवंत त्याआधी हजारएक वर्षं बजावत आले होते, की देवाला शरीर नाही, वय नाही आणि विश्वातल्या वस्तूंची यादी केली तर तो त्या यादीतला सर्वांत मोठा नगही नाही. गैरसमजांची मुळं बहुधा या शेवटच्या मुद्द्यात सापडतात.

गैरसमज : ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून देव आहे’ हाच यांचा युक्तिवाद. मग देवाचं कारण कोणतं?

बर्ट्रांड रसेलने 1927 साली लंडनच्या एका भाषणात हाच सवाल टाकला आणि कट्ट्यावरच्या वादांत तो अजून हुकमाच्या पानासारखा पडतो. पण रसेलने खोडून काढलेलं विधान थॉमस अक्वायनसने केलेलंच नाही. इटलीतला हा डॉमिनिकन संन्यासी (सुमारे 1225 ते 1274) म्हणतो ते एवढंच : जे बदलतं त्याला बदलवणारं दुसरं काही लागतं, जे असूही शकतं आणि नसूही शकतं, त्याच्या असण्याला कुठला तरी आधार लागतो. नियम मुळातच ‘प्रत्येक’ गोष्टीला लावलेला नाही. त्यामुळे देवाला ऐनवेळी सूट दिली, हा आरोप टिकत नाही.

त्याचा ‘सुम्मा थिऑलॉजिए’ हा ग्रंथ उघडून पाहण्यासारखा आहे. आपल्या शास्त्रग्रंथांसारखा तिथेही आधी पूर्वपक्ष येतो, मग उत्तर. देव आहे का, या प्रश्नाला त्याने दोनच आक्षेप घेतले आहेत, पण दोन्ही तगडे : जगात वाईट आहे, तेव्हा अमर्याद चांगला देव कसा असेल? आणि निसर्ग व माणसाची बुद्धी यांवर सगळ्याचा उलगडा होत असेल, तर देव हवाच कशाला? आजचा नास्तिक याहून निराळं फारसं काही म्हणत नाही.

गैरसमज : ‘पहिलं कारण’ म्हणजे फार पूर्वी विश्वाला धक्का देऊन मोकळा झालेला कोणीतरी.

म्हणून मग महास्फोटाची बातमी आली की एक पक्ष देव सिद्ध झाला म्हणून खूश होतो. विश्वाला आरंभ नसावा असं कोणी शास्त्रज्ञ म्हणाला की दुसरा. अक्वायनसला दोन्हींनी फरक पडला नसता. जगाला आरंभ आहे हे तो श्रद्धेने मानत होता, पण तर्काने ते सिद्ध करता येत नाही असं त्याने ठणकावून लिहिलं, त्यासाठी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. समकालीन बोनाव्हेंचरचं मत नेमकं उलट होतं.

मग पहिलं म्हणजे कशात पहिलं? अक्वायनसचेच दोन दाखले घेऊ. कारागिराचा हातोडा मोडतो, तो दुसरा घेतो, तोही मोडतो, मग तिसरा. अशी मालिका मागे अनंतापर्यंत गेली तरी काही अडत नाही. बापलेकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रांगही तशीच. आता हातातल्या काठीने दगड ढकलायचा आहे असं धरा. काठीला स्वतःचा जोर नाही, या क्षणी हात हलतो आहे म्हणून ती हलते. मध्ये आणखी शंभर काठ्या घातल्या तरी हाताशिवाय दगड तसूभर सरकणार नाही. अक्वायनसचं पहिलं कारण या दुसऱ्या जातीचं आहे : आत्ता, या घडीला असणं पुरवणारं. न्यूटनच्या जडत्वाच्या नियमानंतर काठीचं उदाहरण लंगडतं, हे मान्य करायला हवं. पण गतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी असण्याच्या आधाराचा प्रश्न उरतोच, आणि अक्वायनसचा खरा रोख तिकडेच होता.

देवाच्या सामर्थ्याबद्दलचं नेहमीचं कोडं, म्हणजे आपल्यालाच उचलता येणार नाही असा दगड देव घडवू शकतो का, हे मात्र लवकर आटोपतं. सर्वसमर्थ असणं म्हणजे जे जे संभवतं ते करता येणं. चौकोनी वर्तुळ हे काही करायचं राहून गेलेलं काम नव्हे. घडून गेलेलं न घडलेलं करणंही देवाला शक्य नाही, असं अक्वायनस बेधडक लिहितो.

गैरसमज : निर्गुणाचा विचार आपला, ख्रिस्ती देव म्हणजे नुसता आभाळातला बाप.

हा खास आपल्याकडचा गैरसमज. देव आहे असं दाखवून झाल्यावर अक्वायनस पुढच्याच प्रकरणाच्या तोंडाशी सांगतो, की देव काय आहे हे आपल्याला कळत नाही. काय नाही तेवढं सांगता येतं. मग तो एकेक गोष्ट वजा करत जातो : शरीर, भाग, बदल, काळ. देवाचं ज्ञान, सामर्थ्य, चांगुलपणा हे त्याला चिकटलेले वेगवेगळे गुण नाहीत. जे आहे ते एकच. निर्माता आणि निर्मिती यांत कितीही साम्य दिसलं तरी भेद त्याहून मोठाच, असं चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेनेही म्हटलं होतं. मात्र ‘चांगला’ हा शब्द देवाला लावणं म्हणजे फक्त ‘वाईट नाही’ एवढंच म्हणणं, हे ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझचं टोक अक्वायनसला मंजूर नव्हतं.

या विचाराची शंकराचार्यांशी तुलना हौशी मंडळींनीच केली असं नाही. रिचर्ड डी स्मेट या बेल्जियन जेझुइटाने 1953 मध्ये रोमला शंकराचार्यांच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला आणि पुढे पुण्यात वर्षानुवर्षं शिकवलं. शंकराचार्यांना सरसकट मायावादी ठरवणं चुकीचं, असं त्याचं म्हणणं. तरी दोघं एकच सांगतात म्हणून टाळी वाजवायची घाई नको. अक्वायनसच्या मते निर्मिती देवावर पूर्ण अवलंबून असते, पण खरीखुरी असते, आणि ती देव नव्हे.

गैरसमज : सगळे ख्रिस्ती विचारवंत हे मुकाट्याने मानतात.

युद्धकैदी म्हणून दिवस काढलेल्या युर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञाला बदलत नाही म्हणून दुःखाचा स्पर्शच न होणारा देव पटला नाही. ‘क्रुसावरचा देव’ हे त्याचं पुस्तक 1972 चं. जुनी बाजू म्हणते, येशूने दुःख भोगलं ते मानवी स्वभावात, देवत्वात नव्हे. तर्काला हे उत्तर चालतं. लेकरू गमावलेल्या आईला ते कितपत पुरेल, मला शंका आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅल्व्हिन प्लॅन्टिंगाचा हल्ला वेगळ्या अंगाने येतो : देव आणि त्याचे गुण एकच असतील, तर देव हा स्वतःच एक गुण ठरतो, आणि गुण काही कोणाची प्रार्थना ऐकत नाही. हा आक्षेप त्याने 1980 साली मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठात मांडला. ज्या व्याख्यानमालेत मांडला तिचं नाव अक्वायनस व्याख्यानमाला.