बांगड्याचा वास गेला, म्हणजे हात धुतले का?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मालवणहून, आमच्या घराच्या पडवीतून. मागे कोंबड्यांचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

माझा भाचा तीन वर्षांचा झालाय. येत्या जूनपासून अंगणवाडीत जाणार. पाटी आली, डबा आला, छोटी छत्री आली. ताईला म्हटलं, एक गोष्ट राहिली. हात धुणं.

हसू नका. गेल्या पावसात त्याला जुलाब झाले आणि दोन दिवस सलाईन लावावं लागलं. सगळ्यांनी विहिरीला दोष दिला. पण विहिरीत टीसीएल पडलेली, पाणी आम्ही उकळून पीत होतो. कारण नेमकं काय ते कळलं नाही. मी मात्र तेव्हापासून घरातल्यांचे हात बघायला लागलो. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, बग सापडला नाही की लॉग वाचायचे.

आणि एक गंमत दिसली. आमच्याकडे साबण लागतो तो जेवणानंतर. बांगडा खाल्ला की हाताला वास येतो, मग घासून घासून धुतात. जेवणाआधी? तांब्यातलं पाणी हातावर ओतलं, झालं. आम्ही वास धुतो, जंतू नाही. जंतूंना वास नसतो ना!

नुसतं पाणी का चालत नाही?

हाताला नेहमी थोडा तेलकटपणा असतो. मळ आणि जंतू त्याला चिकटून बसतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे पाणी वरून वाहून जातं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चोळलं की तेल, मळ, जंतू सगळं सुटतं आणि पाण्याबरोबर जातं. काही विषाणूंचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, ते तर साबणाने फाटतंच. पण मुख्य काम मारण्याचं नाही, सोडवून वाहून नेण्याचं. म्हणून चोळायला वेळ द्यायचा, निदान २० सेकंद.

मग महागडा जंतुनाशक साबण हवा का? नाही. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जिथे साबण दिला आणि हात धुवायला शिकवलं, तिथे १५ वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब ५३ टक्क्यांनी कमी होते, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया ५० टक्क्यांनी. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही.

अंगणवाडीच्या आधीच का?

अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं एकत्र बसतात, एकच खेळणी हाताळतात आणि एकत्र खाऊ खातात. एक सेविका, एक मदतनीस. प्रत्येकाचा हात धरून धुणार कोण? मूल स्वतः नळाकडे गेलं पाहिजे. ती सवय घरातूनच न्यावी लागते.

आपला सिंधुदुर्ग २०१६ मध्ये सपाट भागातल्या जिल्ह्यांत देशात सगळ्यात स्वच्छ ठरला होता. अभिमान आहेच. पण घरात संडास असणं आणि संडासातून आल्यावर साबण लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही काय केलं

पहिलं, दाखवलं. भाच्याच्या हाताला खोबरेल तेल लावलं, वर खळ्यातली लाल माती. म्हटलं, आता पाण्याने धू. माती तशीच. मग साबण लावला, माती गेली. ‘जंतू’ हा शब्द त्याला कळत नाही, पण हे कळलं.

दुसरं, वस्तू त्याच्या उंचीवर आणली. आमची मोरी त्याच्यासाठी उंच. म्हणून पाच लिटरच्या कॅनला खिळ्याने भोक पाडलं, पाणी भरून काठीला आडवा टांगला. तोंडाशी दोरी, दोरीला खाली लाकडाचा तुकडा. पायाने दाबलं की कॅन कलतो आणि पाण्याची धार येते. साबण जुन्या मोज्यात घालून बाजूलाच लटकवला. कॅनला हात लावायचा नाही, आणि बादलीत सगळ्यांनी हात बुडवायचे हेही बंद. हात बुडवलेल्या बादलीत एकाचा मळ दुसऱ्याला मिळतो.

तिसरं, खुणा. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये संडासापासून हात धुवायच्या जागेपर्यंत रंगाने पावलं काढली आणि तिथे हातांचे ठसे रंगवले. आधी संडासानंतर साबणाने हात धुणारी मुलं ४ टक्के होती, सहा आठवड्यांनी ७४ टक्के झाली. भाषण नाही, बक्षीस नाही. आम्हीही खळ्यात चुन्याने पावलं काढली. पावसात पुसली जातील, पण तोवर सवय लागेल.

चौथं, वेळ ठरवली. ‘सारखे हात धू’ सांगून उपयोग नाही, तो कोड रन होत नाही. दोनच नियम: शी करून आल्यावर आणि तोंडात काही घालण्याआधी. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या मधे, अंगठे, नखं. चोळताना एक ते वीस मोठ्याने मोजायचं. तेवढेच आकडेही पाठ होतात.

एक अडचण सांगतो. उन्हाळ्यात आमच्या किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही. मग साबण थोडा जास्त लावायचा आणि चोळायचं. फेस कमी म्हणून काम होत नाही, असं नाही.

आणि ओरडायचं नाही. आई आधी म्हणायची, “हात धुव, नायतर जेवाक नाय!” त्यावर हा लगेच, “माजे हात साफच आसत!” आता आई स्वतःच त्याच्या शेजारी उभी राहून हात धुते. मुलं ऐकत नाहीत, बघतात.

परवा मी फोनवर रील बघत बघत ताटातला भजीचा तुकडा उचलला. भाचा समोर उभा. “मामा, तुजो साबण खंय?” फोनला दिवसभरात किती वेळा हात लागतो, तुम्हीच मोजा. मी गुपचूप उठलो.

तुमच्या घरात जूनमध्ये कोणी अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाणार असेल, तर दप्तर घेण्याआधी एक मोजा आणि एक साबण लटकवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, जेवायला बसताय ना? आधी हात!