झबलं वर करून बघा
(बाळाची पहिली पाच वर्षं : भाग ७)

मागच्या भागात जुलाब आणि ओआरएसचं बोलून झालं. या आठवड्यात न्यूमोनिया, कारण आता त्याचेच दिवस आले. दसरा-दिवाळीच्या पुढे सोनपेठ तालुक्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह ऊसतोडीला निघतात, आणि परभणीचा पारा पेपरात छापून येण्याइतका उतरतो. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोपीत, पहाटेच्या गारठ्यात, चुलीशेजारी निजवलेलं सहा महिन्यांचं लेकरू खोकायला लागतं. गावात मागे राहिलेल्यांचं तरी काय वेगळं? पऱ्हाट्यांवर पेटलेल्या चुलीचा धूर इथेही तोच.

खोकला सगळ्याच लेकरांना होतो, वर्षातून चार-सहा वेळा झाला तरी नवल नाही. बहुतेक वेळा तो आपोआप जातो. त्यातला न्यूमोनिया निवडायचा कसा, हा खरा पेच. रडणाऱ्या तान्ह्याच्या छातीला नळी लावून आतला बारीक आवाज टिपणं मुरलेल्या डॉक्टरलाही सोपं नसतं, आणि वाडी-तांड्यावर एक्स-रे कुठून आणायचा? १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान या डॉक्टरांनी आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या बालरोगतज्ज्ञांनी यावर उपाय शोधला: श्वास मोजा. न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू-पाण्याने भरतात, फुप्फुस ताठर होतं. खोल श्वास जमत नाही, म्हणून लेकरू उथळ आणि भराभर श्वास घेतं. आजार वाढला की तेवढ्यानेही भागत नाही. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो, तिथे खड्डा पडतो. ‘पोट उडतंय’ असं आपल्या बाया म्हणतात ना, ते हेच बघून.

आकडे पाठ करण्यासारखे आहेत. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे वेग वाढलेला.

हे काम डॉक्टरच करू शकतो असं नाही, हे सिद्ध झालं ते महाराष्ट्रातच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९८८पासून गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल द्यायला शिकवलं. निरक्षर दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, ही मोठी अडचण होती. त्यावर त्यांनी एक साधन बनवलं: मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. जिथे हे काम चाललं तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू, आणि शेजारच्या तुलनेच्या गावांत १७.५. माझ्या मते आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळायला हव्यात.

आज आपल्या गावात हेच काम आशाताई करते. नीट मोजणी कशी असते ते बघण्यासारखं आहे. बाळ कुंची, स्वेटर आणि वर दुपट्यात गुंडाळलेलं. आजी म्हणते, ‘उघडं नका करू बाई, गार लागंल.’ पण उघडल्याशिवाय काही दिसत नाही. बाळ शांत हवं. रडत किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा खोटा येतो. झोपलं असेल तर फारच छान, उठवायचं नाही. झबलं बेंबीच्या वर छातीपर्यंत सरकवायचं, घड्याळ हातात धरायचं, नजर पोटावर. एकदा वर आलं की एक. पूर्ण ६० सेकंद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची सवय वाईट, कारण तान्ह्याचा श्वास कधी भराभर चालतो, कधी मध्येच थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६०वर गेला तर पुन्हा एकदा मोजायचा.

उपचार मात्र साधा आहे. दोन महिन्यांवरचं लेकरू, श्वास जलद पण अंगावर पितंय, हसतंय, तर अमॉक्सिसिलिन तोंडाने, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी गोळी येते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून शेजारणीच्या घरातली उरलेली बाटली चालत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा श्वास मोजायचा. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद करणारे आईबाप मात्र प्रत्येक गल्लीत सापडतात.

काही लक्षणं दिसली तर घरी थांबायचंच नाही. लेकरू पीत नाही, पोटात काही ठरत नाही, झटका आला, सुस्त पडलं, ओठ निळे झाले, तर थेट रुग्णालय; गिळता येत असेल तरच निघताना औषधाचा पहिला डोस. तिथे बोटाला ऑक्सिमीटर लावतात. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल तर ऑक्सिजन, शिवाय इंजेक्शनं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास जलद असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर बाकी काही नसलं तरी दवाखानाच. ब्रँडी चोळणं, ओव्याची धुरी देणं, पोटावर चटके देणं यात जे तास जातात, तेच जीव घेतात. मेळघाटातल्या चटक्यांच्या बातम्या वाचून आपण हळहळतो, पण धुरी आपल्याही घरात चालू असते.

श्वास मोजून औषध देण्याच्या या पद्धतीवर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. जलद श्वासाची बरीच मुलं विषाणूंनी आजारी असतात, काहींना दमा असतो, तापानेही श्वास वाढतो. म्हणजे काही लेकरांना प्रतिजैविक विनाकारण मिळतं. तरीही, जिथे डॉक्टर लांब आहे तिथे एक लेकरू सुटून जाण्यापेक्षा हा सौदा मला मान्य आहे. साध्या खोकल्याला सिरप पाजणं मात्र अजिबात मान्य नाही. २०२५ साली शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी सिरपने लहान मुलं दगावली, ती साध्या सर्दी-तापाचीच होती.

केंद्र सरकारने २०१९ साली न्यूमोनियासाठी ‘सांस’ मोहीम सुरू केली. २०२१पासून न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही, महाराष्ट्रातही सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. न्यूमोनिया करणाऱ्या हिब जंतूविरुद्धची लस पेंटाव्हॅलंटमध्येच असते. पीसीव्हीचा नऊ महिन्यांचा डोस आपल्या भागात हमखास चुकतो, कारण तेव्हा आई कुठल्या तरी फडात असते. टोळीबरोबर निघणाऱ्या आयांनो, लसीकरणाचं कार्ड भांड्याकुंड्यांबरोबर बांधून घ्या. राहिलेला डोस कारखान्याजवळच्या उपकेंद्रातही मिळतो, आणि लेकराची धाप वाढली तर रात्रीबेरात्री १०८ला फोन लावा, पैसे पडत नाहीत.