वरचे दृश्य खाली का?

पनवेलच्या आयटीआयपासून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापर्यंत विद्यार्थी तांत्रिक रेखाचित्रात वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या वर काढतात, आणि ही चूक स्वाभाविकच आहे. भारतात रूढ असलेल्या प्रथम कोन पद्धतीत (पाहणारा व चित्रप्रतल यांच्यामध्ये वस्तू असलेली मांडणी) मात्र ते खाली येते. भिंतीजवळ उभ्या ठेवलेल्या स्टीलच्या गोल डब्यावर समोरून समांतर प्रकाश पडला तर मागच्या भिंतीवर आयत उमटतो, वरून पडला तर जमिनीवर वर्तुळ. मग जमीन बिजागरीवर खाली वळवून भिंतीच्या सपाटीत आणली, की वर्तुळ आपोआप आयताखाली येते. सावलीत हरवणाऱ्या आतल्या कडा चित्रात तुटक रेषांनी दाखवतात. उलट, चित्रावरून वस्तू ओळखताना एकटे वर्तुळ पुरत नाही, कारण ते दंडगोलाचे किंवा गोलाचेही असू शकते. म्हणून दोन्ही दृश्यांचा संबंध कळण्यासाठी जाड कागदाला घडी घालून केलेली भिंत व जमीन विद्यार्थ्याच्या हातानेच वळवून घेणे, ही शिकवण्याची सर्वांत भरवशाची रीत ठरते.