टँग माशांची भांडणे: समुद्री टाकीत शांतता कशी नांदेल?

पिवळाधमक यलो टँग, निळ्याशार अंगावर काळी नक्षी मिरवणारा ब्लू टँग आणि आकाशी रंगाचा पावडर ब्लू टँग. दुकानाच्या काचेमागे हे तिघे दिसले की तिघेही घरी न्यावेसे वाटतात. ब्लू टँगला तर मुले लांबूनच ओळखतात. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटातली विसराळू डोरी म्हणजे हाच मासा.

पण घरी आल्यावर चित्र पालटते. टाकीतला जुना टँग नव्याच्या मागे हात धुऊन लागतो. नव्याचे पर फाटतात, तो कोपऱ्यात दडून बसतो, खाणे सोडतो आणि काही दिवसांतच दगावतो. मग ‘हा मासाच भांडखोर’ असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर यातली बरीच भांडणे मासा विकत घेण्यापूर्वीच टाळता येतात.

भांडण कशासाठी?

टँग हा प्रामुख्याने शेवाळावर जगणारा मासा. दिवसभर तो प्रवाळखडकांवरचे शेवाळ कुरतडत फिरतो. ज्या जागेवर शेवाळ, ती जागा त्याच्या पोटापाण्याची. तिथे दुसरा शेवाळ खाणारा आला की तो त्याला हुसकावून लावतो. समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण तिथेच संपते. टाकीत मात्र पळून जाणार कुठे? चार काचांमुळे दोन मिनिटांचे भांडण दिवसभर चालू राहते.

त्यात टँगजवळ हत्यारही असते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना त्याला धारदार काटा असतो. शल्यविशारदाच्या पात्यासारखा, म्हणून या कुळाला सर्जनफिश म्हणतात. शेपटीच्या एका फटक्यात तो दुसऱ्या माशाचे अंग चिरू शकतो. म्हणूनच मुलांना टाकीत हात घालू देऊ नका. मासा हलवतानाही जाळीऐवजी भांडे वापरा, कारण काटा जाळीत अडकतो.

कोणाचे कोणाशी पटत नाही?

साधा नियम असा: जितके साम्य जास्त, तितके वैर जास्त. आकार आणि रंग जुळणारे मासे एकमेकांना थेट प्रतिस्पर्धी मानतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील आपल्या १९६३ सालच्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळात राहणाऱ्या माशांपासून केली होती. भडक रंगांचे हे मासे परक्यांपेक्षा स्वजातीयांवरच अधिक तुटून पडतात, हे त्यांनी टिपले होते.

म्हणून एकाच गटातले दोन टँग घेणे टाळा. यलो टँग आणि स्कोपास टँग दोघेही झेब्रासोमा गटातले, अंगाने सारखेच, त्यामुळे त्यांचे जमणे कठीण. पावडर ब्लू, अकिलीस आणि सोहल हे अकँथुरस गटातले मासे तर फारच तापट. त्यांतला फार तर एकच ठेवावा. त्यामानाने कोले टँग आणि ब्लू टँग सौम्य. वेगवेगळ्या गटांतले, वेगवेगळ्या ठेवणीचे टँग एकत्र राहण्याची शक्यता जास्त असते.

आधी टाकी, मग मासा

वाराणसीपासून सर्वात जवळचा समुद्रकिनारा सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. तरीही आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे खास मीठ, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, विरघळवून काशीच्या दिवाणखान्यातही समुद्र उभा करता येतो. तिथे अडचण असते ती जागेची आणि उन्हाळ्याची.

यलो टँग सुमारे २० सेंटिमीटर होतो, ब्लू टँग ३० सेंटिमीटरपर्यंत. दुकानातले बोटभर पिल्लू पाहून फसू नका. यलो टँगसाठी किमान चार फूट लांबीची, साधारण ४०० लिटरची टाकी हवी. पावडर ब्लू किंवा ब्लू टँगसाठी सहा फूट लांबी धरा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण या माशांना पोहायला सरळ पल्ला लागतो.

उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टाकीचे पाणी मात्र २५-२६ अंशांवरच राहायला हवे. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि पाठलागाने धापा टाकणारा मासा आणखी लवकर खचतो. चिलरची सोय आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप आधीच करून ठेवा.

येण्याचा क्रम

मुंबई आणि वाराणसीदरम्यान धावणाऱ्या महानगरी एक्स्प्रेसचा जनरल डबा आठवा. आधी बसलेला माणूस नव्याला सहज जागा देत नाही. पण सगळे एकाच स्थानकावर चढले, तर दाटीवाटीने का होईना, सगळे बसतात. टँगचेही असेच आहे. त्यामुळे दोन मार्ग आहेत. एकतर निवडलेले सगळे टँग एकाच दिवशी सोडा. ते शक्य नसेल, तर सर्वात सौम्य आधी आणि सर्वात तापट शेवटी.

कोणताही नवा मासा आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. टँगना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन होतो आणि भांडणाचा ताण त्याला आमंत्रणच देतो.

नवा मासा सोडताना

• दगडांची मांडणी बदला. जुन्याच्या ओळखीच्या खुणा पुसल्या गेल्या की त्याची ‘माझी जागा’ही डळमळते. दगड कृत्रिम घ्या. आपल्या समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.
• छिद्रे असलेली पारदर्शक पेटी टाकीत टांगून नव्याला तीन ते सात दिवस तिच्यात ठेवा. दोघे एकमेकांना पाहतील, पण इजा होणार नाही. जुन्याने पेटीकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली की नव्याला सोडा.
• सोडताना दिवे बंद किंवा मंद ठेवा.
• टाकीच्या एका बाजूला बाहेरून आरसा लावा. जुना मासा आपल्याच प्रतिबिंबावर राग काढत बसतो आणि नव्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. काही दिवसांनी आरसा काढून टाका.

पोट भरलेले ठेवा

भांडणाचे मूळ अन्नात आहे, तर उपायही तिथेच आहे. सुशीसाठी मिळणारे नोरी, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, बिनमसाल्याचे आणावे. चिमट्याने ते दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब लावा. एकाच जागी लावले, तर दांडगा मासा त्यावर ठाण मांडतो. दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे दोन-तीनदा द्या. सुट्टीवर जाताना ही जबाबदारी घरात किंवा शेजारी कोणाला तरी नक्की सोपवा.

मध्ये कधी पडावे?

पहिले काही दिवस थोडा पाठलाग, पर ताठ करून दाखवणे, शेपूट वळवून धमकावणे चालायचेच. लगेच घाबरू नका. पण अंगावर चिरा दिसल्या, नवा मासा सतत कोपऱ्यात किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी राहू लागला किंवा दुसऱ्या दिवशीही खाईना, तर थांबू नका.

अशा वेळी आपण सहसा मार खाणाऱ्याला बाहेर काढतो. जखमा खोल असतील तर तेच योग्य. नाहीतर उलट करून पाहा. दांडगाई करणाऱ्याला आठवडाभर पेटीत ठेवा. तेवढ्यात नवा मासा टाकीत रुळतो आणि परतल्यावर जुन्याची मालकी आपोआप सैल झालेली असते. एवढे करूनही पटले नाही, तर एक मासा दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या माहीतगार व्यक्तीला देऊन टाकणे यात कमीपणा नाही.

यलो टँग निसर्गात तीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. आज शाळेत जाणाऱ्या मुलासाठी आणलेला मासा ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. तेव्हा दुकानात तीन रंग एकत्र पाहून मोह झाला, तर आधी घरी येऊन टाकीची लांबी मोजा. ती चार फूट भरली, तर एकच यलो टँग आणा आणि त्याला ऐसपैस पोहू द्या.