बदली झाली, घर कसे शोधायचे?
बुलढाणा जिल्ह्यात नोकरीनिमित्त येणाऱ्या कुटुंबांसाठी

उन्हाळा संपत आला की बदल्यांचे आदेश निघू लागतात. शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी, महावितरणचे अभियंते, तलाठी अशी कितीतरी कुटुंबे जून महिन्यात बिऱ्हाड हलवतात. आदेशावर गावाचे नाव आणि हजर होण्याची तारीख असते. घर कुठे मिळेल, हे कोणी लिहून देत नाही. त्यातच घरात शाळेत जाणारी मुले, गुडघे दुखणारी अम्मी आणि परद्याची सवय असलेली सून असेल, तर कसल्याही दोन खोल्या चालत नाहीत.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये (१६:८०) घर ही अल्लाहने माणसाला दिलेली विसाव्याची जागा असल्याचे सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी माणसाच्या सुखाच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत प्रशस्त घर आणि चांगला शेजारी या दोन्हींचा उल्लेख आहे. घर शोधणे हे म्हणूनच हलक्यात घेण्याचे काम नाही. थोडी माहिती आणि थोडा सब्र असेल तर ते नीट पार पडते.

आधी गाव समजून घ्या

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि घाटावरचा बुलढाणा व घाटाखालचा बुलढाणा यांत बराच फरक आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, हवा थंड. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हा भागही घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली मैदानात. तिथला मे महिना सोसायचा तर पत्र्याच्या खोलीपेक्षा स्लॅबचे आणि वारा खेळता असलेले घर हवे.

रेल्वेही घाटाखालीच आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावर आहेत. खामगाव जलंबहून छोट्या फाट्याने जोडलेले आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर या गावांना रेल्वे नाही, तिथे एसटी आणि खासगी गाड्यांवरच भिस्त. मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. दर पंधरा दिवसांनी मूळ गावी वृद्ध आई-वडिलांकडे जावे लागत असेल, तर घर निवडण्याआधी हा हिशेब करून ठेवा.

नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो. एकाची नेमणूक खामगावला आणि दुसऱ्याची बुलढाण्याला असेल, तर मध्ये बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्य येते. मलकापूर आणि बुलढाणा यांच्यामध्ये राजूर घाट आहे. पावसाळ्यात रोज घाट चढ-उतार कोण करणार, हे मोकळेपणाने बोलून ठरवा. सहसा ज्याची सुट्टी उशिरा होते किंवा ज्याला रात्रपाळी असते, त्याच्या गावात घर घेणे सोयीचे पडते. मुले लहान असतील तर आईच्या नोकरीचे ठिकाण आधी बघा.

पाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका

या जिल्ह्यात घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ चालतो, टाकी किती लिटरची, किती बिऱ्हाडे तिच्यावर आहेत, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, आणि त्याचे पैसे कोण देतो? ही माहिती घरमालकापेक्षा शेजारच्या बायका खरी सांगतात.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या कित्येक गावांत बोअरचे पाणी खारे असते. घरमालक “बोअरला बारा महिने पाणी आहे” म्हणाला, तरी ते पिण्याजोगे आहे का हे वेगळे विचारा. एक घोट चाखून पाहा, नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचला आहे का ते बघा. पिण्याचे पाणी कुठून आणतात आणि महिन्याला किती खर्च येतो, हे भाड्यात धरूनच घर परवडते की नाही ते ठरवा.

विजेचेही तसेच. स्वतंत्र मीटर आहे का? नसेल आणि घरमालक सबमीटरवर पैसे घेणार असेल, तर युनिटचा दर आधीच ठरवून घ्या. पाण्याच्या मोटरचे बिल कोणाच्या मीटरवर जाते, हेही पाहा.

घर बघायला घरच्या बाईला न्या

पुष्कळदा नवरा एकटा पुढे येतो, घर ठरवतो आणि सामान आल्यावर बायकोला कळते की स्वयंपाकघराला खिडकीच नाही. घरात सर्वांत जास्त वेळ जिला काढायचा आहे, तिने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. येणे शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर एकेक खोली दाखवा.

प्रवेशाचा दरवाजा स्वतंत्र आहे की घरमालकाच्या ओसरीतून जावे लागते, ते पाहा. कपडे वाळत घालायला आडोशाची जागा आहे का? संडास घरात आहे की अंगणापलीकडे? रात्री मुलींना बाहेर जावे लागत असेल तर ते घर नको. वयस्कर माणूस असेल तर जिना मोजा आणि कमोड बसवता येईल का ते विचारा. वुजूसाठी बसून पाय धुता येतील अशी मोरी आहे का, संडासचे भांडे किब्ल्याच्या दिशेला तर नाही ना, हे आपण पाहतोच.

एकदा दिवसा घर बघितले असेल तर दुसऱ्यांदा मगरिबनंतर जा. गल्लीत दिवे आहेत का, कोपऱ्यावर टोळके बसते का, मुलीला शिकवणीहून एकटीने येता येईल का, हे अंधार पडल्यावरच कळते.

मोहल्ल्यात की मिश्र वस्तीत?

मोहल्ल्यात घर घेतले तर मस्जिद जवळ, मकतब जवळ, रमजानमध्ये सहरीला दारावर हाक येते, अडीअडचणीला धावणारी माणसे भेटतात. उर्दू माध्यमाची शाळाही बहुधा जवळ असते. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली अशा शहरांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. पण जुन्या मोहल्ल्यांतली घरे दाटीची, गल्ल्या अरुंद, खेळायला मैदान नाही, अशीही अडचण असते. नव्या कॉलनीत मोकळी हवा आणि मराठी-इंग्रजी शाळा मिळतात, मात्र मस्जिद लांब पडते.

यात एकच बरोबर उत्तर नाही. मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची, घरात आजारी कोण, दिवसा घरी एकटे कोण राहणार, यावर निर्णय घ्या. मिश्र वस्तीत राहिल्याने दीन सुटत नाही आणि मोहल्ल्यात राहिल्याने तो आपोआप टिकतही नाही.

शाळेबाबत एक लक्षात ठेवा. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना त्यामुळे थोडा अवधी मिळतो. शिक्षण हक्क कायद्याखाली शिकणाऱ्या मुलाचा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

नाव सांगितल्यावर दार बंद झाले तर

हा विषय टाळून चालणार नाही. फोनवर सगळे ठरते, नाव विचारले जाते आणि मग “घर कालच गेले” असे उत्तर येते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या या अडचणीची नोंद आहे. घटनेचे कलम १५ शासनाला धर्मावरून भेदभाव करायला मनाई करते. पण खासगी घरमालकाने धर्म पाहून घर भाड्याने नाकारले, तर थेट दाद मागावी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

मग करायचे काय? पहिले म्हणजे नाव लपवू नका. नाव लपवून मिळालेल्या घरात मुलांना अब्बू-अम्मी म्हणायलाही चोरी वाटेल, आणि खोटेपणावर उभा केलेला करार आपल्याला शोभत नाही. उलट पहिल्याच फोनवर नाव, नोकरी आणि घरात किती माणसे हे सांगून टाका. नकार यायचाच असेल तर उन्हातली फेरी तरी वाचते.

दुसरे, अनोळखी म्हणून जाऊ नका. या गावांत एजंटापेक्षा ओळख जास्त चालते. कार्यालयातले सहकारी, ज्याची बदली होऊन घर रिकामे होणार आहे तो कर्मचारी, शाळेतल्या बाई, किराणा दुकानदार, मस्जिदचे इमाम साहेब, यांच्या शब्दावर दारे उघडतात. सोबत येणारा सहकारी दुसऱ्या धर्माचा असला, तर घरमालकाची धास्ती पुष्कळदा तिथेच ओसरते.

तिसरे, घरात मांस-मासे शिजवण्यावर अट असेल तर ती आधीच विचारून घ्या. अट मान्य नसेल तर नम्रपणे पुढे जा. मान्य केली तर पाळा. पाळायची नाही असे मनात ठेवून हो म्हणणे, म्हणजे पुढच्या मुस्लिम भाडेकरूचे दार बंद करणे होय.

करार लिहा, आणि नोंदवा

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची शिकवण आहे. कुरआनमधील ही सर्वांत मोठी आयत. “आपल्यातलेच आहेत, लिहायचे काय?” असे म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाडेकरार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे नोंदणी झाली, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे.

खर्चाचीही धास्ती नको. समजा भाडे महिना ७,००० रुपये, परत मिळणारे डिपॉझिट २०,००० आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडे झाले ७७,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम सुमारे १,८३३. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण २०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या करून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार आहेत, त्यांची फी वेगळी.

करारात या गोष्टी स्पष्ट असाव्यात: भाडे कोणत्या तारखेला, डिपॉझिट किती आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत, दुरुस्ती आणि रंग कोणाकडे, पाणीपट्टी कोण भरणार. बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी एक ओळ आवर्जून घालावी: मुदतीआधी बदली झाल्यास एक महिन्याची सूचना देऊन घर सोडता येईल आणि डिपॉझिट कापले जाणार नाही. भाड्याची पावती हा भाडेकरूचा हक्क आहे. घर रिकामे करून घ्यायला पाणी किंवा वीज तोडणे हे त्याच कायद्याच्या कलम २९ ने निषिद्ध आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर घर अडवून बसलात, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला सांगितले तर कागदपत्रे निमूट द्या, त्यात आपलाच बचाव आहे.

मोठी रक्कम देऊन ‘बिनभाड्याचे’ घर

आपल्या वस्त्यांत आणखी एक प्रकार चालतो. घरमालकाला दोन-तीन लाख रुपये एकरकमी द्यायचे, घरात फुकट राहायचे आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. महिन्याचे भाडे वाचते म्हणून नोकरदारांना हे आकर्षक वाटते.

यात दोन धोके आहेत. पहिला दीनचा. ही रक्कम म्हणजे मालकाला दिलेले कर्ज, आणि त्या कर्जाच्या बदल्यात घराचा फायदा घेणे हे उलमांच्या मते व्याजातच मोडते. नावापुरते शंभर-दोनशे रुपये भाडे लावून हे जायज होते का, याबद्दल स्वतः निष्कर्ष काढण्याऐवजी जाणत्या मुफ्ती साहेबांना विचारा. दुसरा धोका व्यवहाराचा. रक्कम बहुधा मालकाने मुलीच्या लग्नाला किंवा धंद्यात घातलेली असते. बदली झाल्यावर ती लगेच परत येत नाही आणि नव्या गावात आपले हात रिकामे राहतात. त्यातून कर्ज किंवा ठेव म्हणून वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट, बँकेमार्फत दिलेले, आणि दर महिन्याला रास्त भाडे, हाच सुरक्षित मार्ग.

बिऱ्हाड लागल्यावर

सामान उतरण्याआधी भिंती, नळ, फरशी आणि मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. पुढचे अर्धे वाद तिथेच मिटतात. पहिल्या आठवड्यात चार शेजाऱ्यांना भेटा. रस्सा करताना पाणी थोडे जास्त घालून शेजाऱ्याचा वाटा काढावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. शेजारी शाकाहारी असतील तर त्यांच्याकडे शीरखुर्मा किंवा फळे पाठवा. सहरीच्या वेळी भांड्यांचा आवाज जपा, गाडी कोणाच्या दारात लावू नका.

शेवटी एक शब्द ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांच्यासाठी. मदिनेत आल्यावर प्रेषित (स.) यांचा मुक्काम काही महिने हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी होता. परगावाहून आलेल्याला आसरा देणे ही आपली जुनी रीत आहे. बदलून आलेले कुटुंब गरजू आहे म्हणून भाडे वाढवून सांगू नका, करार नोंदवून द्या, डिपॉझिट वेळेवर परत करा. आणि आपली वरची खोली विचारायला आलेले कुटुंब कोणत्याही जाती-धर्माचे असो, त्याचे नाव ऐकून दार लावू नका. आपल्यावर होणारा जो अन्याय आपल्याला सलतो, तो आपल्या उंबऱ्यावर दुसऱ्यावर होऊ नये.