पोटातलं पाणीही हलू न देणारा घोडा

एका हातात लगाम, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला बिअरचा मग आणि खाली घोडा सुसाट! फेरी संपल्यावर ज्याच्या मगात जास्त बिअर उरली, तो जिंकला. आइसलँडी घोड्यांच्या मेळाव्यात ही शर्यत फार रंगते. सगळी करामत घोड्याच्या चालीची. तिचं नाव टोल्ट.

साध्या दुडक्या चालीत घोडा समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन पाय एकदम उचलतो, क्षणभर अधांतरी होतो आणि स्वार खोगिरावर आदळतो. टोल्टमध्ये मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असे पाय एकापाठोपाठ पडतात. एक तरी खूर कायम जमिनीवर! टप-टप-टप-टप, चारही टापा एकसारख्या. रमतगमत जा नाहीतर भरधाव, स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रवाल चालीचा घोडा बघायला ज्यांनी गर्दी केली आहे, त्यांना ही मौज वेगळी सांगायला नको.

काही आइसलँडी घोड्यांकडे आणखी एक चाल असते. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम, मग दुसऱ्या बाजूचे, आणि मधल्या क्षणी चारही खूर हवेत. ही चाल छोट्या अंतराच्या शर्यतीसाठी. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या घरात.

शिंगरं कुरणात आपणहून टोल्ट धरतात, ते कसं? उत्तर २०१२ मध्ये मिळालं. स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांना 'डीएमआरटी३' या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशी पायांचा ताल जमवतात, त्यांच्यावर या जनुकाचा अंमल चालतो. एक अक्षर बदललं आणि ताल बदलला! पुढे २०१६ मध्ये जुन्या हाडांची तपासणी झाली, तेव्हा हाच बदल इंग्लंडमधल्या यॉर्कच्या नवव्या शतकातल्या घोड्यांत निघाला. व्हायकिंगांनी तिथूनच हे चालबाज घोडे जहाजात घालून आइसलँडला नेले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.

आइसलँडी घोड्याची उंची जेमतेम १३० ते १४५ सेंटिमीटर. पण आइसलँडच्या माणसासमोर चुकूनही त्याला तट्टू म्हणू नका! हिवाळ्यात दुहेरी केसांचा जाडजूड कोट, घनदाट आयाळ, आणि धडधाकट माणसाला पाठीवर घेऊन लाव्हाच्या खडकांतून दिवसभर चालण्याची ताकद. काही घोड्यांचा तर ऋतूप्रमाणे रंगही पालटतो. नॉर्स पुराणात ओडिन देवाचा घोडा स्लेपनिर आठ पायांचा. उत्तर आइसलँडमधली आसबिर्गी ही नालेच्या आकाराची दरी त्याच्याच खुरानं उमटली, असं तिथले लोक सांगतात.

या घोड्यानं भोगलंही फार. १७८३ मध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला, विषारी फ्लोरिननं गवत नासलं आणि देशातले सुमारे ७० टक्के घोडे दगावले. उरले त्यांच्यापासून आजची पैदास.

बाहेरचे घोडे देशात आणायला बंदी. तिचं मूळ परंपरेनं ९८२ च्या कायद्यापर्यंत नेतात. शतकानुशतकं वेगळं राहिल्यानं बाहेरच्या कित्येक रोगांशी या घोड्यांची गाठच पडलेली नाही. २०१० मध्ये खोकल्याची साथ घुसली, तर राष्ट्रीय अश्वमेळा रद्द करावा लागला. म्हणून परदेशात वापरलेलं खोगीर किंवा लगामसुद्धा आत येऊ देत नाहीत. आणि एकदा देशाबाहेर गेलेला आइसलँडी घोडा परत मायभूमीत येऊ शकत नाही, कधीच नाही.

आइसलँडी घोड्यांची जागतिक स्पर्धा भरते परदेशात. तिथे उतरवायचा तो अर्थातच आपला सर्वांत लाडका, सर्वांत उमदा घोडा. स्पर्धा संपते, घोड्याला नवा मालक मिळतो आणि स्वार एकटाच घरी जायच्या विमानात चढतो.